पाठीतलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी परीक्षानळी, करंगळीएवढी, काठाचा टवका उडालेली. सांगलीच्या एका दवाखान्यातल्या कपाटात पडून असते. काचेची असल्यामुळे माझ्यातलं सगळं दिसतं, असं लोकांना वाटतं. कसलं काय! डोळ्यांना फार थोडं दिसतं. म्हणूनच माझा स्वभाव चौकस झाला.

भट्टीतून निघाले आणि भुशात गुंडाळून इथं आले. रक्त, लघवी, जे मिळेल ते निमूट सांभाळलं. मग १९७९ साली डॉक्टर परवीन यांनी मला उकळून घेतलं आणि कुंडलच्या नाथाजीच्या कण्यात सुई टोचून काढलेलं पाणी माझ्यात धरलं.

नाथाजी फौजी, सुट्टीवर आलेला. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून त्यानं सख्ख्या भावाचा हात मोडला होता. बायको अंजना तान्ह्या मुलीला घेऊन आटपाडीला माहेरी गेली होती. त्याचा राग गेल्याशिवाय परत येणार नाही, असा तिचा निरोप होता.

"फौजी रगात गरमच असतंय, असं गाव म्हनतंय," नाथाजी म्हणाला. "पर बाई, राग आला की मी माझा ऱ्हात न्हाई."

डॉक्टरांनी नुकतंच वाचलं होतं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. परदेशात काही भांडखोर सैनिकांच्या कण्यातल्या पाण्यात त्याच्या खुणा कमी आढळल्या होत्या.

"हेच कारण, असं अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "या तपासणीनं राग बराही होणार नाही. पण बघू या."

बघायलाच हवं, असं मलाही वाटलं. पुण्याला तपासणीसाठी पाठवायचं म्हणून त्यांनी मला बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवलं. त्यांची पाठ वळताच नाथाजीच्या आईनं, हरणाबाईनं, मला बाहेर काढून मोरीत उपडं केलं! मला फार हळहळ वाटली.

"आवं बाई, कापल्याली नखंबी आमी परक्याच्या हाती लागू देत न्हाई," ती म्हणाली. "कुनी करनी केली म्हंजे? ह्ये तर लेकराच्या पाठीतलं पानी!"

नाथाजी खाटेवरून ताडकन उठला. मूठ वळली. हरणाबाईनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं, सवयीनं झाकावं तसं.

तो जागीच थांबला. "आये, तूबी भितीस व्हय मला?"

तिनं डोक्यावरचे हात खाली घेतले नाहीत.

तो पुन्हा कुशीवर आडवा झाला. गुडघे पोटाशी घेतले. "परत टोचा, डाक्टरबाई. आये, थर्मास तूच पुण्याला ने. कुनाच्या हाती देऊ नगंस."

मित्रांनो, आकडा काय आला, मला कळलं नाही. पण तुमच्या घरात कुणी हात उगारत असेल, तर गरम रक्त म्हणून ते मिरवू नका. आत काय बिघडलंय, ते जरूर शोधा. त्याआधी, डोकं झाकून बसलेल्या माणसाला जवळ घ्या.