मी डावीकडे का वळत होते

हसू नका, मी गाडीच आहे. हातभर लांब असले आणि माझ्यात कुणी बसत नसलं म्हणून काय झालं? रिमोटची कळ दाबली की मी अशी सुटते की बघणाऱ्याची मान लचकावी. मलांग शहरात मला बलालांग म्हणतात, म्हणजे नाकतोडा. माझा हिरवा रंग बघून वियोनोने ते नाव ठेवलं.

वियोनो दिवसभर निळी मिनीबस चालवतो. दिवसभर गाडी हाकून दमलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीच का चालवतो, हे त्याच्या बायकोला, तुमिनीला, कधी कळलं नाही. "ही गाडी भाड्यावरून भांडत नाही," एवढंच तो म्हणे. त्याने मला सुट्ट्या भागांतून स्वयंपाकघराच्या जमिनीवर जोडलं. "भातात स्क्रू निघाला तर तुम्हालाच वाढीन," असं तुमिनीने तेव्हाच बजावलं होतं.

भिंतीपलीकडे दारमाजी राहायचा. वियोनोचा लहानपणापासूनचा दोस्त, मासेमारीचा वेडा. त्याची पिवळी गाडी आणि मी दर रविवारी बॅडमिंटनच्या हॉलमागे डांबरी पट्टीवर पळायचो. कधी ती पुढे, कधी मी. मग दोघे एकाच कपातून कॉफी पीत एकमेकांची टिंगल करायचे.

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या शर्यती आल्या आणि वियोनोने माझ्यासाठी नवी, मोठी बॅटरी आणली. ताकद तर भलतीच होती. पण माझ्या पोटात बॅटरी डाव्या अंगाला बसते, हे त्या उत्साहात कुणाच्या ध्यानात राहतंय!

अंतिम फेरीत लांब सरळ पट्टीवर पिवळी माझ्या डावीकडून पुढे निघाली. वियोनोने कळ पूर्ण दाबली. मला सरळच जायचं होतं हो! पण कुणी कान धरून ओढावं तशी मी डावीकडे गेले आणि पिवळीचं पुढचं चाक उखडून पडलं.

"मुद्दाम मारलीस!" दारमाजी सगळ्यांदेखत ओरडला.

"आईची शपथ, मी वळवलीच नाही. ती आपोआप गेली!"

लोकांनी मला हळू चालवून पाहिलं. मी दोरीसारखी सरळ गेले. झालं!

"बघा, बघा! एरवी सरळ जाते, मी जिंकायला लागलो की बरी डावीकडे वळते. लबाड आहेस तू!"

त्या दिवसापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना अबोला. तुमिनीने पाठवलेली भज्यांची बशी तशीच परत आली. वियोनो मला पुसायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलून पुसायचा. त्याचं लक्ष भिंतीपलीकडून येणाऱ्या दारमाजीच्या खोकल्याकडे असायचं.

शेवटी तुमिनीच वैतागली. मला काखोटीला मारून ती थेट दारमाजीच्या दारात उभी राहिली. मागून वियोनो रिमोट घेऊन अवघडल्यासारखा आला.

"अहो भाऊ, या खेळण्यापायी मी शेजार तोडू का? तुम्हीच चालवून दाखवा. सरळ गेली तर माझा नवरा खोटारडा!"

"दाखवतो की!" दारमाजीने रिमोट ओढून घेतला आणि गल्लीत मला पूर्ण जोरात सोडलं.

मी काय करणार? गेले डावीकडे! तिथे पायरीशी त्याची बादली होती, सकाळीच पकडलेल्या मिशाळ मुऱ्यामाशांनी भरलेली. बादली आडवी झाली आणि मासे गल्लीभर वळवळत सुटले.

"अरे पकड! गटारात चाललाय तो!"

"मिशीवाला तुझ्याकडे आलाय, तू पकड!"

दोघे गुडघ्यांवर रांगत मासे धरत होते. शेवटचा मासा बादलीत पडेपर्यंत आपला अबोला आहे, हे दोघेही विसरून गेले होते.

मग दारमाजीने मला हातावर तोललं. फळीत दोन खिळे ठोकून त्याने माझ्या नाकाचा मध्य एकावर आणि शेपटीचा मध्य दुसऱ्यावर टेकवला. मी धाडकन डावीकडे कलंडले.

"वियोनो, ही तर एकाच बाजूने जेवलीय! म्हणूनच पूर्ण जोरात सोडली की बॅटरीच्या बाजूला ओढते."

त्याने गळाला लावायचं शिसं आणलं. ठोकून चपटं केलं, माझ्या उजव्या कुशीला चिकटवलं. जास्त झालं, मी उजवीकडे झुकले. वियोनोने चाकूने थोडं तासलं, पुन्हा टेकवलं. आणि मी दोन्ही खिळ्यांवर स्थिर उभी राहिले!

"जड झाली की रे," वियोनो म्हणाला.

"होऊ दे. कुणाला धडकणार तर नाही." दारमाजीने उरलेलं शिसं डबीत टाकलं. मग म्हणाला, "मी तुला चारचौघांत लबाड म्हणालो."

"म्हणालास."

"मग चारचौघांतच परत घेतो."

आणि रविवारी पट्टीवर खरंच त्याने घोषणेचा कर्णा हातात घेतला. "वियोनो लबाड नाही. त्याला नीट गाडी जोडता येत नाही, एवढंच!" सगळे खो खो हसले, वियोनो सगळ्यांत जास्त. शर्यत पिवळीने जिंकली. मी जड अंगाने तिच्या मागोमाग, पण अगदी नाकासमोर पळाले.

आता माझं वय झालंय. नव्या गाड्या माझ्या शेजारून अशा जातात की मला फक्त त्यांचा वारा लागतो. परवा वियोनो मला काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणत होता. मालका, एवढं नका करू. चषकांच्या रांगेत झळकण्यापेक्षा शेवटचा नंबर घेऊन धूळ खाल्लेली मला चालेल. रविवारसाठी बॅटरी तेवढी भरून ठेवा.