साडेसहाची रेघ

घोट्याच्या चार बोटं वर, नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून धरायचा आणि सोडायचा. अंगात पाणी साचलं असलं की तिथे खळगा पडतो. तो बुजायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सोमवारी चौदा सेकंद लागले होते, बुधवारी एकवीस. आज गुरुवारी एदेलमिराने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं, तर अडतीस सेकंद झाले तरी खळग्याच्या कडेला बारीकशी सावली उरलीच होती.

म्हणजे उद्या जावं लागणार.

होंडुरासला मार्कालामध्ये कॉफीच्या सहकारी सोसायटीत ती अकरा वर्षं तोलकाट्यावर होती. काटा पुरता स्थिर झाल्याशिवाय आकडा उच्चारायचा नाही, ही तिथली शिस्त. ती अंगात इतकी मुरली होती की टेक्सासला येऊन चौदा वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालूनही गेली नाही. मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हाही तिने पहिल्यांदा काय केलं, तर न्हाणीघरात ठेवायला वजनाचा काटा आणला.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. ज्यांच्याकडे विमा असतो ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या केंद्रात जातात, आरामखुर्चीत बसून टीव्ही बघतात आणि संध्याकाळी घरी येतात. ज्यांच्याकडे या देशात राहायची कागदपत्रंच नाहीत, त्यांनी सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. तिथे रक्त काढतात. पोटॅशियमचा आकडा साडेसहाच्या वर गेला असेल, किंवा फुप्फुसात पाणी भरलं असेल, तर मशीनवर घेतात. नसेल, तर घरी पाठवतात. जीव जायच्या बेतात आला, हे आकड्याने सिद्ध करावं लागतं. म्हणून तिथे येणारे सगळेच, ज्या गोष्टींना डॉक्टर मनाई करतात, त्या आकडा चढावा म्हणून येण्याआधी मुद्दाम खाऊन येत. केळी, टोमॅटो, संत्र्याचा रस. एदेलमिराचं माप ठरलेलं होतं: रक्त काढायच्या दीड तास आधी एक केळं आणि अर्धी बाटली नारळपाणी. ती मोजून प्यायची, आणि लागलीच तर असावी म्हणून दुसरी बाटली पिशवीत ठेवायची.

शुक्रवारी सकाळी सहाला ती इमर्जन्सीत पोचली तेव्हा तिबुर्सियो मिस्त्री खिडकीजवळच्या त्याच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला होता. हा मूळचा साल्वादोरचा. तीस वर्षं लोकांच्या घरांवर छपरं घातलेला माणूस, म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत.

"आलीस का बाई? मला वाटलं, तुला लेकीनं पळवून नेलं तिकडं."

"अजून कुठलं. तुमचं काय म्हणतंय?"

"माझं? पाय हत्तीचे झालेत. बूट बघ, नाड्या न बांधताच चढवलेत. आज साडेसहाच्या वर जाणार, लाव पैज."

"काय खाल्लंत?"

"दोन केळी. आणि पुपुसाबरोबर, आमच्या मक्याच्या भाकरीबरोबर, वाडगाभर टोमॅटोची चटणी. पुपुसा आपला नावाला."

"पुरे झालं. आता कशाला तोंड लावू नका."

"बरं, हेडमास्तरीणबाई." तो पाय लांब करून बसला. "ओस्मिनचा परवा फोन आला होता. विचारत होता, काका, या वर्षी येताय की पुढच्या जन्मी?"

ओस्मिन हा त्याचा पुतण्या, कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असतो. तिथलं राज्य आपल्यासारख्यांनाही आठवड्यातून तीनदा डायलिसिस देतं, आकडा चढायची वाट बघत नाही, ही बातमी मिस्त्रीनेच तिला दिली होती. गेलं वर्षभर तो दर शुक्रवारी फ्रेस्नोच्या बसचा विषय काढायचा. दोन दिवसांचा प्रवास, दोघांनी मिळून करायचा, वाटेत एकाला काही झालं तर दुसरा ड्रायव्हरला थांबवील. खिडकीची जागा मात्र त्याची.

"तू हो म्हण, की मी बॅग भरतो."

"बघू."

"वर्षभर बघतेयस. डोळे दुखत नाहीत का?"

ती हसली. डिसेंबरात तिच्या मुलीचं, इरिसचं लग्न होतं. इरिस सात वर्षांची असताना एदेलमिरा निघून आली होती. आता ती एकवीस वर्षांची होती, आणि आई येईल तेव्हाच लग्न, असं म्हणून तिने तारीख दोनदा पुढे ढकलली होती. एकदा मार्कालाला गेलं की इकडची वाट बंद. आणि मार्कालात मशीन नाही. राजधानीत, तेगुसिगाल्पाला आहे, पण तिथली यादी इतकी लांब की तिचा मावसभाऊ नाव लावून नंबर यायच्या आत गेला. जायचं म्हणजे लेकीचं लग्न बघायचं आणि त्यानंतर फार तर काही आठवडे. फ्रेस्नोला जायचं म्हणजे वर्षानुवर्षं जगायचं, एका परक्या गावात, लेकीला न बघता. काटा कधी इकडे झुकायचा, कधी तिकडे. स्थिर होत नव्हता, म्हणून तीही बोलत नव्हती.

आणि इरिसला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नुसतं लपवण्याचं खोटं झालं ते मागच्या हिवाळ्यात. नवा कायदा आला होता, देशात सगळ्यांना विमा मिळणार म्हणून टीव्हीवर दिवसरात्र चालू होतं. याच हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक टेबल मांडलं होतं, त्याला निळे फुगे बांधलेले. टेबलाशी मारिसेला नावाची चुणचुणीत मुलगी लोकांचे अर्ज भरून द्यायची. एदेलमिरा चाळीस मिनिटं रांगेत उभी राहिली. नाव झालं, वय झालं, काम झालं. मग मारिसेलाने कागदपत्रांचं विचारलं, आणि तिचे हात कीबोर्डवर थांबले.

"मावशी, इथे पुढे जाताच येत नाही हो."

"फुकट नको मला. पूर्ण हप्ता भरीन, माझ्या पगारातून."

"तरीही नाही. तुमच्या पैशानेसुद्धा घेता येत नाही. कायद्यातच तसं लिहिलंय." मुलीचा चेहरा पडला होता. तिने टेबलावरचं पेन उचलून एदेलमिराच्या हातात दिलं. "हे तरी घ्या. छान चालतं."

त्या रविवारी इरिसचा फोन आला तो ओरडतच. "आई, बातम्यांत दाखवलं! तिकडे सगळ्यांना विम्याचं कार्ड देतायत! तुला मिळालं?"

एदेलमिराच्या हातात ते निळं पेन होतं. "मिळालं की," ती म्हणाली.

"कसलं आहे?"

"निळं."

इरिसने फोनवरूनच आजीला हाक मारून सांगितलं, आईला कार्ड मिळालं. पलीकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग तो शब्द मागे घेणं जमलंच नाही.

नऊ वाजता आकडे आले. एदेलमिराचा सहा पूर्णांक सात. मिस्त्रीचा सहा पूर्णांक तीन.

"बिघडलं तर परत या," काउंटरवरच्या माणसाने मिस्त्रीला सांगितलं.

"बिघडलं तर! मग मी इथं काय सुधारायला येतो होय?" मिस्त्रीने मागे वळून डोळा मारला, पण त्याला उठायला खुर्चीच्या दोन्ही हातांचा आधार लागला. तिच्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "बाई, ती पिशवीतली बाटली दे. तुझं तर काम झालं."

"केळी आणि चटणी अजून पोटात आहेत तुमच्या. ती चढायचीत. थांबा जरा."

"इथं कोण थांबू देतंय? बाहेर बसस्टॉपवर बसतो, दोन तासांनी पुन्हा नंबर लावतो. दे गं. पुढचा शुक्रवार मला निघायचा नाही."

नर्स दारात तिचं नाव पुकारत होती. एदेलमिराने बाटली काढून दिली. "अर्धीच प्या," ती म्हणाली.

"आणि हे तू ठेव." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात कोंबला. "ओस्मिनचा नंबर. माझ्याकडे घामानं भिजतो."

चार तास मशीनची घरघर ऐकत ती पडून राहिली. बाटलीच्या लेबलावर पोटॅशियम किती ते छापलेलं होतं. तो आकडा ती दोन वर्षं दर खेपेला वाचत आली होती. मिस्त्रीला मात्र तिने तो वाचून दाखवला नव्हता.

ती बाहेर पडली तेव्हा बसस्टॉपवर कोणी नव्हतं. बाकाखाली ती बाटली उभी होती, झाकण नीट लावलेली, पूर्ण रिकामी. नंबर लागला वाटतं त्याचा, असं तिने मनाशी म्हटलं, बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बस पकडली.

पुढच्या शुक्रवारी खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसली होती. सात वाजले, आठ वाजले. रक्त काढायला आलेल्या फिलिपिनो नर्सला एदेलमिराने विचारलं, "मिस्त्री दिसले नाहीत आज?"

नर्सने तिच्या दंडाला पट्टा बांधला. "तुम्ही नात्यातल्या का त्यांच्या?"

"नाही."

"मग मला काही सांगायची परवानगी नाही." तिने शीर शोधली, सुई घातली, नळी भरेपर्यंत खाली मान घालून राहिली. मग कापूस दाबताना, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "बसस्टॉपवरून आणलं त्यांना. साडेअकरालाच. मशीन लावायला वेळच नाही मिळाला. आठवडा झाला, खाली शवागारात आहेत. कोणाला कळवावं, तर आमच्याकडे एकही नंबर नाही."

कापूस लाल होऊन रक्त खाली ठिबकायला लागलं तरी एदेलमिराने तो दाबून धरला नव्हता. साडेअकरा. म्हणजे ती मशीनवर होती तेव्हा. मध्ये फक्त एक भिंत आणि एक रस्ता होता.

कागद पिशवीच्या आतल्या कप्प्यात होता. व्हरांड्यात, जिथे मागच्या वर्षी फुग्यांचं टेबल होतं, तिथे उभी राहून तिने फोन लावला. ओस्मिनला सगळं सांगितलं, बाटलीचंही सांगितलं. त्याच्या मागे कुठेतरी कुत्रा भुंकत होता.

"तुम्ही दिली नसती तर दुसऱ्या कोणाकडून मागितली असती त्यांनी," तो म्हणाला. "दुकान गाठलं असतं. काका ऐकणारे नव्हते." "एक विचारू? ते म्हणाले होते, बरोबर एक बाई येणार आहेत. होंडुरासच्या, काट्यावरच्या. तुम्हीच का त्या?"

"मी काही कबूल केलं नव्हतं."

"त्यांनी तर मला दोन खाटा टाकायला लावल्या, ताई. एक अंगणाकडच्या खोलीत. दोन्ही तशाच आहेत अजून."

तिने फोन ठेवला. त्या दिवशी तिचा आकडा सहा पूर्णांक दोन आला. बाकाखालची ती रिकामी बाटली आठवडाभर डोळ्यांसमोर होती, म्हणून घरून निघताना तिने नारळपाणी प्यायलंच नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने तेच म्हटलं, बिघडलं तर परत या, आणि ती घरी आली. शनिवारी ती उशा उंच रचून बसून राहिली, कारण आडवं झालं की दम लागत होता. खोलीत फ्रिजचा आवाज होता आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवत होतं. तिने सवयीने अंगठा नडगीवर दाबला, पण मोजलं नाही. नुसतीच खळग्याकडे बघत राहिली.

रविवारी दुपारी दोनला इरिसचा फोन आला.

"आई, ऐक. आजी म्हणते डुक्कर मोठंच घेऊ, तू येणार म्हणून सगळा गाव जेवायला येणार आहे. मी म्हटलं, आईला आधी खोलीत नीट झोपू तर द्या. तिकीट काढलंस ना? आणि हे बघ, तुझं ते निळं कार्ड आणशील ना बरोबर? इकडे चालेल का गं ते?"

"इरिस."

"काय? तुझा आवाज असा का येतोय? बसमध्ये आहेस का?"

"घरीच आहे. तू बसलीयस का कुठे?"

"पायरीवर बसलेय. का?"

खिडकीतून समोरचं पार्किंग दिसत होतं. एक माणूस गाडीतून किराणा उतरवत होता, एकेक पिशवी, सावकाश. एदेलमिराने श्वास घेतला. तो अर्ध्यातच अडला, तिने तो पुन्हा घेतला.

"माझ्याकडे कार्ड नाही, बाळा. कधीच नव्हतं. माझी मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वीच गेली." पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या. "तारीख आता पुढे ढकलू नकोस. डिसेंबरातच लग्न कर. मी येणार नाही. मी मंगळवारच्या बसने फ्रेस्नोला जातेय."