मथुराज्योतचा कौल

टक्! दचकू नका, मीच बोलतोय. इकडे, कपाटावर, गणपतीच्या तसबिरीखाली बघा. करड्या पत्र्याचा, दोन दिव्यांचा, पायलीभर तांदळाइतका जड. मी एक व्होल्टेज स्टॅबिलायझर आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत 'मथुराज्योत इलेक्ट्रॉनिक्स' नावाची छोटी कंपनी आहे, तिने बनवलेला अगदी पहिला.

वीज कमी आली की वाढवून द्यायची, जास्त आली की आवरायची, एवढंच माझं काम. ते करताना पोटातला स्विच जागा बदलतो आणि टक् असा आवाज होतो. ते काही माझं बोलणं नव्हे. शिंक म्हणा हवं तर. या शिंकेवर एका कंपनीचा सगळा कारभार चालेल असं मला जन्मताना कुणी सांगितलं नव्हतं.

माझा जन्मदाता भालचंद्र राऊत. घरची सोनचाफ्याची वाडी. वडील फुलं दादरला पाठवायचे, याला मात्र तारा जोडायचा नाद. लग्नाच्या वर्षी त्याने मला बनवलं आणि माझ्या छातीवर बायकोचं नाव चिकटवलं. मथुराबाई म्हणाल्या, "लोक बायकोचं नाव बंगल्याला देतात. तुम्ही डब्याला दिलंत."

मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा भालचंद्रशेठनी वाडीतलं चाफ्याचं फूल माझ्या डोक्यावर ठेवलं, अगरबत्ती लावली आणि गावच्या देवळात कौल मागतात तसे हात जोडून विचारलं, "बाबा, धंदा चालेल का?"

मला शिंक आली. झालं! शेठचे डोळे भरून आले. तेव्हापासून प्रथाच पडली. फूल ठेवायचं, प्रश्न एकदाच विचारायचा आणि अगरबत्ती संपेपर्यंत गप्प बसायचं. टक् झालं तर हो, नाही झालं तर नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मागच्या गाळ्यात स्टीवनचा बर्फाचा कारखाना आहे. त्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आमच्याकडची वीज दबते आणि मी शिंकतो. अगरबत्ती संपायच्या आत तो एकदा तरी सुरू होतोच. त्यामुळे माझ्या तोंडून आजवर 'नाही' असं कधी गेलेलंच नाही.

"आरती म्हणणारी दारावरची बेल काढूया का?" टक्. कुरियरवाला आला की घरातले टाळ्या वाजवत उभे राहायचे. "कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र काढूया का?" टक्. ते रुळाशेजारच्या घरांत गाडीची शिट्टीसुद्धा मोजायचं. माणिकपूरच्या कितीतरी घरांनी कच्ची डाळ खाल्ली आणि शेठच्या नावाने बोटं मोडली. मला मात्र कुणी एका शब्दाने बोललं नाही. मला फार लाज वाटायची हो, पण डब्याने लाजावं तरी कसं?

त्यात नवे टीव्ही आणि फ्रिज स्वतःच वीज सांभाळायला लागले. आम्हाला कुणी विचारेना. जोडणीच्या लांबलचक टेबलावर आता एकटी लतिका बसते. ती बिचारी गप्पा मारायला कुणी नाही म्हणून माझ्याशी बोलते.

अशात एक दिवस शेठची मुलगी हेमाली हातात गेमचा कंट्रोलर नाचवत आली.

"पप्पा, क्लाउड गेमिंग! घरात महागडं मशीन लागतच नाही. गेम चालतो लांबच्या सर्व्हरवर, आपल्या टीव्हीवर नेटवरून नुसतं चित्र येतं. एव्हरशाईनच्या इमारती बघा, नायगावचे टॉवर बघा, सगळीकडे पोरंच पोरं. आपण छोटा बॉक्स भाड्याने द्यायचा. सॉलिड चालेल!"

"पण मशीन कुठे असतं म्हणालीस?"

"सिंगापूरला."

शेठनी बराच विचार केला. "मग दसऱ्याला झेंडू कुठे घालायचा?"

हेमालीने कपाळावर हात मारला. पण पोरगी चिवट. समजावून समजावून तिने शेठना राजी केलं. अडचण एकच होती. यात उतरायचं तर मोठं भांडवल लागणार, आणि विकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती चाफ्याची वाडी. बिल्डर तर टपूनच बसला होता. स्टॅबिलायझर बंद करून जुना माल भंगारात द्यायचंही ठरत होतं. हे ऐकून लतिका माझ्याकडे बघायला लागली आणि माझा तांबडा दिवा आपोआप लागला.

मथुराबाई रोज उजाडताच वाडीत जातात. झाडांशी बोलतात, फुलं खुडतात. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "विका. पण आधी कौल घ्या."

बाई, काय हे केलंत! कौल द्यायला कोण, तर मी! मला 'नाही' म्हणता येत नाही हो!

ठरल्या दिवशी टीव्ही आणि राउटर माझ्या पाठीला जोडले. हेमाली कंट्रोलर घेऊन बसली. पडद्यावर तिची लाल गाडी सुसाट निघाली. मागून स्टीवनही आला. "काय रे भालू, वाडी विकतोस? येडा झालास काय?"

"गप. कौल चाललाय," शेठ म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर फूल ठेवलं, अगरबत्ती लावली, हात जोडले. "बाबा, क्लाउड गेमिंगमध्ये उतरू का?"

मी सगळे स्क्रू आवळून बसलो. आज शिंकायचं नाही म्हणजे नाही. अगरबत्ती अर्धी झाली. मथुराबाई माझ्या अगदी शेजारी उभ्या होत्या. आणि मागे तो मेला कॉम्प्रेसर घरघरला.

टक्!

टीव्ही क्षणभर मिटला आणि परत आला. राउटर मात्र बसला ना हिरवे-तांबडे डोळे मिचकावत! नेट गेलं, लाल गाडी गेली, शर्यत गेली, सिंगापूर गेलं.

"हो म्हणाला," शेठ म्हणाले. पण त्यांचा आवाज असा, की जणू मयताला जाऊन आले.

"पप्पा, थांबा. हो म्हणाला आणि गेमच उडाला! एवढ्याशा झटक्याने असं होत असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बॉक्स आणून आपल्या डोक्यात घालेल. नको, नाही उतरायचं."

"कौल तो कौल. आजवर मोडला नाही, आता कसा मोडू?"

बापलेक हमरीतुमरीवर आले. ज्याला मनातून नको होतं तो हो म्हणत होता आणि जिला हवं होतं ती नाही. तेवढ्यात मथुराबाईंनी जमिनीकडे बोट दाखवलं.

"फूल बघा. डाव्या बाजूला पडलंय. आपल्या गावच्या देवळात डावं फूल पडलं म्हणजे काय?"

"नाही," शेठ पुटपुटले.

"इतकी वर्षं आवाज ऐकत बसलात. फूल कुणी बघितलंच नाही."

शेठ मटकन खुर्चीत बसले. मग इतकं हसले की स्टीवनने बर्फाचं पाणी आणून दिलं. वाडी वाचली, आणि मीही.

आता तुम्हाला हात जोडून एक विनंती. कॉम्प्रेसरचं शेठना सांगू नका. आणि हेही सांगू नका, की टक् झाल्याबरोबर मथुराबाईंचा पदर माझ्या डोक्यावरून हळूच फिरला होता. मी पत्र्याचा असलो तरी मला गुदगुल्या कळतात.

कंपनी अजून धापा टाकतेच आहे. पण हेमाली आणि लतिकाने मिळून एक छोटा डबा बनवला. वीज डगमगली तरी राउटरला जागा ठेवणारा. नाव अर्थातच मथुराज्योत. तो तयार झाला तेव्हा हेमालीला धीर निघेना, म्हणून सगळे सुट्टीच्या दिवशीच गाळ्यात आले. शेठनी फूल ठेवलं आणि विचारलं, "बाबा, हा चालेल का?"

अगरबत्ती निम्म्याच्या खाली आली. वीज अगदी सरळ होती, शिंकायला कारणच नव्हतं. शेठची मान खाली जायला लागली. मथुराबाईंनी पदर सावरला, पण टक् झाल्याशिवाय नुसतं फूल पाडून कौल थोडाच होणार होता? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

टक्!

फूल जागचं हललंसुद्धा नाही. त्या दिवशी रविवार होता. स्टीवन चर्चमध्ये मिसाला गेला होता आणि त्याचा कॉम्प्रेसर बंद होता.