पेल्यावर पेला

गोलाईच्या बाजारपेठेजवळच्या आमच्या इमारतीत खाली दुकानं, मधे कोचिंग क्लास, वर अभ्यासिका. मधोमध तळापासून गच्चीपर्यंत मोकळा सोडलेला डक्ट, तो माझा हट्ट. खालच्या झडपांतून हवा आत येणार, गरम होऊन वरून निघून जाणार. भर मे महिन्यात एसीशिवाय पोरं बसवून दाखवीन, असं मी मालकांना, शेषेरावकाकांना, छातीठोकपणे सांगितलं होतं.

पण हे लातूर. किल्लारीच्या भूकंपाला चौदा वर्षं झाली तरी इथे माणसं उलट्या पेल्यावर पेला ठेवतात. पेला पडला की बाहेर पळायचं. क्लासवाल्यांनीही खोलीखोलीत पेले मांडले. सोमवारी वारा सुटला, डक्टमधून हवा चढली, दारं धडधडली आणि सगळे पेले खणखणत खाली! ऐंशी पोरं जिन्यावर. एकीचा पाय मुरगळला. सगळ्यांच्या पुढे कोण पळत होतं? मी. इंजिनिअर उज्वला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, ते भगदाड बुजवा," काका म्हणाले. "मजल्यामागं एक वर्ग वाढंल. एसी लावू."

"काका, ती नुसती हवा होती."

"मग तुम्ही कामून पळाल्या?"

मी चिडून म्हणाले, "उद्या दुपारी मी एकटी वर बसते. पेला पडला तरी हलणार नाही. हललेच, तर खुशाल बुजवा."

दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी केली. काका आणि पालक रस्त्यावर उभे राहिले. चांदपाशाचाचा, आमचे मिस्त्री, झडपा उघडायला खाली गेले. मी समोर पेल्यावर पेला ठेवून वर अभ्यासिकेत बाकावर बसले. माझी मावशी किल्लारीत दगडी भिंतीखाली गेली होती, नेमकी तीच आठवत राहिली.

दार वाजलं. पेला थरथरला, पडला. बाकही हलल्यासारखा वाटला. 'हवा आहे, हवा आहे,' असं घोकत मी बाक धरून बसले. मग सगळं थांबलं. जिंकले!

जिन्यात चांदपाशाचाचा भेटले. चेहरा पांढराफटक.

"म्याडम, माफ करा. झडपा म्या बंदच ठेवल्या व्हत्या. पेला पडू नये म्हून."

"मग पडला कसा?"

त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. सगळी गोलाई दुकानांबाहेर उभी होती.

काका धावत आले. "जमीन हलली अन् तुम्ही बसून राहिल्या! एवढा भरोसा? ऱ्हाऊ द्या तुमचा डक्ट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हवा समजूनच बसले होते, हे मी बोलले नाही. चाचांनीही तोंड उघडलं नाही.

याला महिना झाला. वर्ग गार आहेत, काका खूश आहेत. काल मी वर गेले, तेव्हा वाऱ्याने पेला पडला. पळायला मी अर्धी वळलेसुद्धा. पोरांनी वहीतून मान वर केली नाही.

"म्याडमची हवा हाय," एक पोरगी हसून म्हणाली. तीच, पाय मुरगळलेली.

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. जमीन खरंच हलली, तरी ही पोरं आता उठायची नाहीत. डक्ट बुजला तर बुजू दे. मी काकांना खरं सांगायला निघालेय.