कोण रडलं होतं

धाकटीच्या निरोपसमारंभाला थोरली मुळात जाणारच नव्हती. दोघी सख्ख्या बहिणी, पण एकमेकींच्या दारात पाय ठेवायला निमित्त लागायचं, आणि ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी मरणाचंच असायचं. शेवटी थोरलीची लेक म्हणाली, "आई, मावशी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होतेय. तू गेली नाहीस तर ती वर्षभर ऐकवेल. गेलीस तर एकच दिवस ऐकवेल." हे थोरलीला पटलं. तिनं आपल्या लॉन्ड्रीचं शटर ओढलं, स्वतःच्या कपड्यांवर गिऱ्हाइकाच्या कपड्यांसारखी कडक इस्त्री फिरवली आणि शाळेच्या सभागृहात मागच्या रांगेत जाऊन बसली.

हार-तुरे झाले, सत्कार झाले. मग धाकटी माइकपुढे उभी राहिली. तिला बोलायची सवय. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं तिला येत होतं.

"मी लहान असताना," ती म्हणाली, "आमच्या बाबांच्या बर्फाच्या कारखान्यात कोंडली गेले होते. लाद्या ठेवायच्या खोलीत मी लपायला शिरले आणि ते जाडजूड दार मागे बंद झालं. आतून उघडायची सोय नव्हती. मी ओरडले, पण आवाज बाहेर जाईना. नखं निळी पडली. मग दार उघडलं. बाबांनी मला उचललं, अंगातला कोट काढून मला त्यात गुंडाळलं, आणि आयुष्यात कधी न रडलेला तो माणूस हमसून हमसून रडला. कडक माणसाच्या आत केवढी माया असते, ते मला त्या दिवशी कळलं."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या दोन शिक्षिकांनी डोळे टिपले. थोरलीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कारण बर्फात कोंडली गेलेली ती मुलगी धाकटी नव्हतीच. ती थोरली होती.

दुसरं काही चोरलं असतं तर थोरलीनं दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण बाबा म्हणजे दगड होते. दिवसभर बर्फात वावरून तो गारठा त्यांच्या हाडांत शिरला होता म्हणा ना. त्यांनी कधी पाठीवरून हात फिरवला नाही, शाबासकी दिली नाही. शेवटच्या आजारातही 'थोरली कुठंय' असं एकदाही विचारलं नाही. त्यांच्याकडून थोरलीला मिळालं होतं ते एवढंच: तो कोट आणि ते रडणं. नवरा सोडून गेला तेव्हा, धंदा बुडायला आला तेव्हा, ती मनातल्या मनात त्या कोटात जाऊन बसायची. आणि तोच कोट धाकटी भर सभेत अंगावर घालून मिरवत होती.

समारंभ संपल्यावर थोरलीनं तिला ऑफिसात गाठलं. टेबलावर पुष्पगुच्छांचा ढीग पडला होता.

"काय गं, लाज नाही वाटली?"

"कशाची?"

"बर्फाच्या खोलीत मी होते. तू नाही."

धाकटीनं चष्मा काढला. "ताई, तुझं कायमचं हेच. माझी बाहुली तुझी, माझी खिडकीजवळची जागा तुझी, आता माझे बाबाही तुझे."

"अगं, तेव्हा तू धड चालतही नव्हतीस!"

"त्या खोलीतला अमोनियाचा वास अजून माझ्या नाकात आहे. वास काय कुणी सांगून येतो?"

"येतो! मी सांगितला म्हणून आला. अंथरुणात पडल्यावर 'ताई, बर्फाची गोष्ट सांग' म्हणून माझा जीव कोण खायचं?"

"मी सांगायचे आणि तू ऐकायचीस. उलटं करू नकोस."

चोराच्या उलट्या बोंबा! थोरलीचा हात एका पुष्पगुच्छावर पडला. तो फेकायला की नुसता आधाराला, ते तिचं तिलाही कळलं नाही. तेवढ्यात शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात आला. त्यानं दोघींची तोंडं पाहिली आणि ट्रेसकट पाऊल मागे घेतलं.

पुढे फोनवर तेच सुरू झालं. धाकटी शांतपणे बोलायची, आणि तिच्या त्या शांतपणानंच थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "हे बघ ताई, माणसाचं मन कॅमेऱ्यासारखं नसतं. दर वेळी आठवताना ते गोष्ट नव्यानं रचतं. पुन्हापुन्हा ऐकलेलं स्वतःवर घडल्यासारखं वाटायला लागतं. तुझं तसंच झालंय."

"माझंच का? तुझं का नाही?"

"मी त्यावरचं पुस्तक वाचलंय."

थोरलीनं फोन आपटला आणि त्या रागात एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री ठेवून विसरली. पाठीवर बदामी रंगाचा त्रिकोण उमटला. लेक म्हणाली, "आई, या भांडणापायी दुकान जाळशील. तिथे तिसरं कुणी नव्हतं का?"

होतं. काका होते, बाबांचे धाकटे भाऊ. कारखाना दोघांचा होता. पण वाटण्या झाल्या त्या इतक्या विकोपाला जाऊन की आईनं सांगून टाकलं होतं, त्या माणसाचं नाव या घरात निघता कामा नये. ते निघालं नाही. आई-बाबा गेल्यावरही निघालं नाही. काका जिवंत आहेत एवढंच कुठूनसं कानावर होतं.

लेकीनं पत्ता काढला. एकीनं एकटीनं जायचं तर दुसरीचा विश्वास नाही, म्हणून दोघी लेकीच्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या. मध्ये धाकटीची पर्स ठेवली होती, शेतात बांध घालावा तशी.

काका टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होते. दार उघडून ते दोघींकडे बघत राहिले. 'या' म्हणाले नाहीत. "दादाच्या पोरी," ते म्हणाले. "मी गेलो असेन असं वाटलं होतं काय? जरा घाई केलीत."

दोघी आत शिरल्या आणि उभ्याच राहिल्या. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत रेडिओ. आयुष्यभर बर्फ विकलेल्या माणसाच्या घरात फ्रिज नव्हता.

धाकटीनं प्रस्तावना सुरू केली. काकांनी हात उडवला. "भाषण नको. मला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं ऐकायची हौस नाही. काय ते विचार."

"बर्फाच्या खोलीत कोण कोंडलं गेलं होतं? मी की ताई?"

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. बोट थोरलीकडे केलं. "ही. तू तर वहिनीच्या कडेवर होतीस, आणि काही कारण नसताना भोंगा लावला होतास."

थोरलीच्या छातीवरची धोंड उतरली. "ऐकलंस?" ती धाकटीवर उसळली. "आता सांग तुझ्या शाळेला! सांग, बाबांनी कुणाला उचललं, कुणासाठी रडले ते!"

"कोण रडलं?" काकांनी विचारलं.

"बाबा. मला कोटात गुंडाळून."

काका खुर्चीतून उठले. उठताना त्यांचे गुडघे वाजले. "दादा? दादा त्या दिवशी होता कुठे? नवीन मोटर बघायला बाहेरगावी गेला होता. तिन्हीसांजेला आला आणि पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? दार किती वेळ उघडं होतं? किती लाद्या वितळल्या? दार मी उघडलं. कोट माझा. तू हलत नव्हतीस. मला वाटलं, गेली पोर. तुला छातीशी धरून मी गुरासारखा ओरडलो. सगळे कामगार बघत होते."

"खोटं," थोरली म्हणाली. "मला दिसतंय ना. बाबांचा चेहरा, मिशी ओली झालेली..."

"दिसत असेल. तुला काय, तू त्याची पोर." काकांचा आवाज चिरकला. "वाटण्या झाल्यावर एकदा रस्त्यात भेटलीस. मी विचारलं, बर्फाची खोली आठवते का गं? वहिनीनं तुझा हात असा घट्ट धरला होता. तू आईकडे बघितलंस आणि माझ्या तोंडावर म्हणालीस, हो, बाबांनी मला बाहेर काढलं. माझं रडणं उचलून त्याच्या डोळ्यांत घातलंस. त्याच दिवशी मी तुमच्या घराचं नाव टाकलं."

"मी लहान होते, काका."

"होतीस ना. पण मी मोठा होतो. मला लागलं."

थोरलीला तो रस्ता आठवेना. आईचा घट्ट हात आठवेना. पण घरात तेव्हा काय चाललं होतं ते तिला चांगलंच माहीत होतं. काकांचं नाव ओठावर आलं की आईचे डोळे वटारले जायचे. मग रोज धाकटीला गोष्ट सांगायची तर दार उघडणार कुणी? जेवढं बोलायची परवानगी होती तेवढंच ती बोलत गेली, आणि जे बोललं तेच पुढे दिसत गेलं. गोष्टीतून काका गळून पडले. त्या रिकाम्या कोटात कधीतरी बाबा जाऊन उभे राहिले, आणि तिलाच ते हवे होते म्हणून तिनं कधी उलटून विचारलं नाही.

जिन्यात धाकटी हसली. "लखलाभ असो तुझी आठवण. घे, ठेव." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "आणि म्हातारा चळलाय. बाबाच रडले होते. मी तरी तेच सांगणार."

एरवी थोरलीनं तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी ती तिला ओलांडून खाली उतरली. गाडीत ती पुढच्या सीटवर बसली.

मग दिवसच्या दिवस इस्त्री फिरवता फिरवता ती तो प्रसंग दुरुस्त करायला बघायची. दार उघडलं, थंड वाफ बाहेर पडली, लाद्यांवरचा भुसा पायाखाली आला, कोणीतरी उचललं, कोट अंगावर पडला. इथवर सगळं ठीक. मग ती मान वर करायची, आणि वर बाबांचाच चेहरा. तिनं बळेबळे तिथे काकांचा चेहरा बसवून पाहिला. पण टायरच्या दुकानावरच्या खोलीतला तो चिडका म्हातारा चेहरा तरुण कोटावर टिकेना. घसरायचाच. पुन्हा बाबा. सत्य कळलं होतं, पण दिसत नव्हतं.

शेवटी ती एकटीच काकांकडे गेली. "तुमचा तेव्हाचा एखादा फोटो आहे का?"

"कशाला?"

"चेहरा आठवत नाही."

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "अजून दादाच दिसतो ना?"

खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. पण एवढी वर्षं खोट्यावर काढून झाली होती. "हो," ती म्हणाली.

"मग दादाकडेच जा." दार धाडकन बंद झालं. आत रेडिओचा आवाज वाढला.

घरी येऊन तिनं लेकीला सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "पण आई, तू तर मला कायम आजोबाच सांगत आलीस." थोरली तिच्यावरही खेकसली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा टायरच्या दुकानावरचा जिना चढली. काकांनी दार बोटभर उघडलं.

"पुन्हा आलीस?"

"आले."

"चेहरा बदलला?"

"नाही."

"मग इथे काय काम?"

"त्या दिवशी तुम्ही दार तोंडावर आपटलंत. मला काही बोलूच दिलं नाहीत," थोरली म्हणाली. "भांडायला आलेय."

काकांची पावलं आत गेली. मग रेडिओ बंद झाला. काका पुटपुटले, "बापावर गेलीय," आणि त्यांनी दार उघडलं, पण इतकंच की माणूस अंग चोरून आत शिरेल आणि आपल्याला बोलावलंय असं मात्र त्याला वाटणार नाही.

थोरली अंग चोरून आत शिरली.