बाटली संपेपर्यंत

“झाकू नको उगाच, माक. बघू दे हात.”

“काय बघायचंय त्यात? वाळवलेला मासा झालाय,” सावयोन म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचे विसरली.

तिला ‘माक’, म्हणजे आई, म्हणणारी तिची मुलगी कोलाप सकाळच्या गाडीने नोम पेन्हहून आली होती. तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात ती बाह्या जोडते. जिल्ह्याच्या इस्पितळात आईच्या उजव्या हातावरची काळी पडलेली कातडी खरवडून काढली, हे तिला फोनवर शेजारणीने कळवले, आईने नव्हे. जखम आता भरली होती. मनगटाच्या पुढे गुलाबी, ताणलेला, अनोळखी प्रदेश तेवढा उरला होता, आणि मधली बोटे दुसऱ्या कुणाची असावीत तशी निमूट पडून होती.

हे गाव तांदळाच्या ओल्या शेवयांवर जगते. उकळत्या पाण्यातून गार पाण्यात उतरलेली शेवई बोटांवर झेलायची आणि एका वळशात तिची आटी घालायची. ती केव्हा तुटेल हे नजरेला उमगत नाही, बोटांना उमगते. सावयोनच्या आट्या बाजारात नाव घेऊन मागितल्या जात. आता शेवई बोटांवरून निसटे, आणि निसटल्याचे तिला पाण्याच्या आवाजावरून समजे.

“त्या थोनला आज सोडत नाही मी!” कोलाप ताडकन उठली. “म्हणे डॉक्टर! फौजेत पट्ट्या बांधायचा नि इथं येऊन नसा शोधतोय. चौकीतच नेते त्याला.”

थोन गावात सलाईन लावत हिंडे. पितरांचा पंधरवडा जवळ आला, की शहरात कमावणारी लेकरे आईबापांना ताकदीची पिवळी सलाईन लावून देत. ज्या घराच्या आढ्याला बाटली टांगलेली दिसली नाही, त्या घरची मुले आईबापांना विसरली, असे गाव धरून चाले. यंदा कोलापनेच थोनला बजावले होते, साधी नको, कॅल्शियम घातलेली दे.

“बस खाली,” सावयोन म्हणाली.

“का बसू? सुई सरकली, कॅल्शियम मांसात उतरून हात जळला, आणि हा बाबा दुसऱ्यांच्या घरी बाटल्या टांगत फिरतोय!”

“सांगून गेला होता तो. ‘मावशी, जळजळलं तर लगेच हाक मारा, शेजारीच आहे मी.’”

“मग?”

“जळजळलं.”

“आणि हाक नाही मारलीस?”

त्या दुपारी शेजारणीने फोन सावयोनसमोर धरला होता. पडद्यावर कोलाप, आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघणाऱ्या, तोंडात घास असलेल्या कारखान्यातल्या मुली. ‘बघा गं, माझ्या माकला सलाईन लावलीय!’ लेक एवढी फुललेली सावयोनने कधी पाहिली नव्हती. हात फुगत होता; कातडीखाली कुणी निखारा पुरावा तसा. औषध जोरकस आहे, असे तिने स्वतःला समजावले. ते पटेनासे झाले, तेव्हा हात चौकड्यांच्या उपरण्याखाली सरकवला. फोन बंद झाल्यावरही तिने हाक मारली नाही. पोरीने दिलेले अर्धे कसे टाकायचे?

“तू बघत होतीस,” ती शेवटी म्हणाली. “मैत्रिणींना दाखवत होतीस.”

कोलापच्या एका पायात चप्पल होती, दुसरी दाराशीच राहिली. ती तशीच खाली बसली. रडली नाही. आईवर ओरडली नाही. घरात काही तुटल्याचा आवाजही झाला नाही.

मग तिने आईचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट दाबू लागली.

“कळतंय?”

“कळतंय.”

“हे?”

“हो, कळतंय.”

मधल्या बोटाशी येताच कोलापचा हात थबकला, बोटाला न टेकता हवेतच राहिला. सावयोन दाराबाहेर पाहत होती. कमळाच्या पानांचे भारे बांधून कुणीतरी सायकल ढकलत चालले होते.

“कळतंय,” ती म्हणाली.