काटा उतरेना

माणसाला जाड करणं हा माझा धंदा आहे. बायको चारचौघांत तसंच सांगते, आणि ते खोटंही नाही. नेब्रास्कातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला मी गेली वीस-बावीस वर्षं व्यायाम देतो. मैदानावर काय खेळायचं ते मोठे कोच ठरवतात. ते खेळायला लागणारी ताकद मी तयार करतो, खालच्या मजल्यावरच्या जिममध्ये, रोज पहाटे. पुढच्या फळीतल्या गड्यांचं काम एकच, समोरच्याला अडवून धरायचं. त्याला अंगात वजन लागतं. ते मी घालतो.

कोल्बी द्राहोता आमच्याकडे आला तेव्हा मक्याच्या धाटासारखा होता, नुसती उंची. त्याची आई मार्सेला गावातल्या शाळेत स्वयंपाक करते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "कोच, हा जेवत नाही हो." मी म्हटलं, "माझ्याकडे सोपवा." चार वर्षांत पोरगा तीनशे पौंडांच्या वर नेऊन ठेवला. दर गुरुवारी फळीतल्यांचं वजन व्हायचं. कमी भरलं की माझ्यासमोर उभं राहून पीनट बटरची सँडविचेस आणि चॉकलेटचं दूध संपवायचं, सबबी चालायच्या नाहीत. शेवटच्या वर्षी तो फळीच्या मधोमध खेळला, तेव्हा माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं.

नोव्हेंबरात शेवटचा सामना झाला. व्यावसायिक संघांकडून त्याला कुणी विचारायला आलं नाही. अशा मुलांचे लॉकर महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत रिकामे होतात, आणि मी पुढच्या वर्षीच्या मुलांच्या मागे लागतो. आमच्याकडची रीतच आहे ती.

डिसेंबरात एका सकाळी कोल्बी माझ्या दारात उभा. दार त्याच्यामागे दिसतच नव्हतं.

"कोच, अग्निशामक दलात अर्ज केलाय. मार्चमध्ये परीक्षा आहे. जड जाकीट घालून जिना चढायचा, पाण्याचा पाइप ओढायचा, शेवटी माणसाएवढा पुतळा ओढत न्यायचा. सगळं ठरलेल्या वेळेत."

"मग? पुतळा तू एका हातानं नेशील."

"पुतळ्यापर्यंत पोचलो तर ना."

मी त्याला जिन्याच्या यंत्रावर चढवलं. थोड्याच वेळात तोंड बीटासारखं लाल झालं आणि तो कठड्याला लोंबकळायला लागला. बाविशीचा पोरगा! हे वजन चढवलं मी होतं, तर उतरवायचंही मीच.

मोठे कोच रूर्क यांच्या कानावर गेलंच. "आर्लन, त्याचं खेळणं संपलं. तुझा पगार पुढच्या संघासाठी आहे."

"संघ यायच्या आधीची पहाट माझी आहे," मी म्हणालो. त्यांनी खांदे उडवले आणि विषय सोडला.

कोल्बीला मी पहिल्या दिवशीच ठणकावलं, "अडीचशेवर यायचं. काटा तिथं आला की तुझी-माझी सुट्टी. तू मोकळा, मी मोकळा."

आता गंमत अशी की, जन्मभर मी पोरांवर "संपव!" म्हणून ओरडलो, आणि या वयात "ठेव खाली!" म्हणून ओरडायला शिकत होतो. नाताळात मार्सेलानं खसखस भरलेले कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, डबाभर पाठवले. मी ते जप्त केले आणि पुरावा नष्ट करावा म्हणून स्वतः खाल्ले. तिला फोन केला तर तीच मला म्हणाली, "आधी म्हणायचात घाला खायला, आता म्हणता घालू नका. एकदा काय ते ठरवा!"

जानेवारीत काटा झरझर उतरला. फेब्रुवारीत अडला. दोनशे साठच्या जरा वर आला आणि तिथंच ठाण मांडून बसला. मी बटाटे बंद केले, जिने वाढवले, तरी काटा हलेना. परीक्षा तोंडावर आलेली.

"रात्री कुठं चरायला जातोस रे?"

"कुठं नाही, कोच."

"मग हवा खाऊन वजन टिकवतोस?"

तो खाली बघायचा. पण त्याच्या विजारीचा नाडा मात्र दर आठवड्याला आणखी आवळला जात होता. गालफडं दिसायला लागली होती. जिना चढताना हल्ली तो गुणगुणायचासुद्धा. मी काटा बदलून पाहिला, त्यावरही तेच.

मग एका सकाळी तो काट्यावर उभा राहून बुटाची नाडी बांधायला वाकला आणि त्याच्या शर्टाखालून खणकन लोखंडाची चकती पडली. माझ्याच जिममधली. मी शर्ट वर करायला लावला. पोटाला चिकटपट्टीनं आणखी एक बांधलेली, घामानं निम्मी सुटलेली.

मी डोक्याला हात लावला. ही फळीतल्यांची जुनी चलाखी. वजन कमी भरलं की सँडविचेस चुकवायला पोरं अंगाला लोखंड बांधून काट्यावर चढतात. मी कितीतरी पकडलीत. पण वजन उतरवायला आलेल्या पोरानं लोखंड बांधावं?

"तुला नापास व्हायचंय का?"

"नाही, कोच. जिना मी वेळेत चढतोय, तुम्हीच बघताय."

"मग हे सोंग कशाला?"

त्यानं वाकून चकती उचलली. "तुम्ही म्हणाला होतात, काटा तिथं आला की तुमची-माझी सुट्टी."

"बरं, मग?"

"लॉकर रिकामा केल्यापासून सकाळी उठून जायला मला एवढी एकच जागा आहे. बाकी सगळे विचारतात, आता पुढं काय, आता पुढं काय. तुम्ही विचारत नाही. तुम्ही नुसतं ओरडता."

मला रडू फुटणार होतं. या इमारतीत मला रडताना कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मी ओरडलो.

"गाढवा! मी बोललो ते बोललो, आणि तू ते धरून बसलास? तू सुकून पुन्हा मक्याचं धाट झालास ना, तरी तुझ्यावर ओरडायचा हक्क मी सोडणार नाही. काढ ते लोखंड!"

त्यानं काढलं. काटा अडीचशेच्या थोडा खाली थांबला.

मार्चच्या परीक्षेला मी आणि मार्सेला दोरीच्या अलीकडे उभे होतो. तिथं मला ओरडायला बंदी होती, त्यामुळे ती तीन-चार मिनिटं माझ्या जिवावर आली. कोल्बी जिना चढला, पाइप ओढला, पुतळा काखेत धरून रेषेपार नेला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ बघून अंगठा वर केला. मार्सेलानं माझा दंड इतका आवळला की दोन दिवस तिच्या बोटांचे वळ होते.

पुढच्या सोमवारी मी जिम उघडायला गेलो तर कोल्बी दाराशीच होता. त्याच्यामागे आणखी दोघं, थोराड, पोटं सुटलेली, कुलूप उघडायची वाट बघत थंडीत उभी. जरा निरखून बघितल्यावर ओळखलं. एक जण कोल्बीच्या आधी त्याच्याच जागी खेळायचा, दुसरा त्याच्याही आधी फळीच्या टोकाला. दोघांनी लॉकर रिकामे केल्यावर मी त्यांना पुन्हा पाहिलंच नव्हतं.

"कोच," कोल्बी म्हणाला, "यांच्यावरही कुणी ओरडत नाही."

मी कुलूप काढलं. "मग तोंडाकडं काय बघताय?" मी ओरडलो. "बूट पुसा आणि आत व्हा!"